धसक्याचा आकडा

माझ्या सख्ख्या मेव्हण्याला माझी भीती वाटते, ही गोष्ट मला एका बंडीने सांगितली. माणसाने सांगितली असती तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. बंडीला काय करणार?

मी बजरंग शेवाळे. क्रेन चालवायला लागून सत्तावीस वर्षं झाली. आमची कंपनी झाडं हलवते. रस्ता रुंद करायचा असतो आणि मधे शंभर वर्षांची चिंच उभी असते. पूर्वी तोडून मोकळे व्हायचे, आता कायदा तोडू देत नाही. मग ती मुळांसकट उचलून कुठल्यातरी नव्या वसाहतीच्या बागेत लावायची. मुळांभोवती मातीचा गड्डा राखून तो गोणपाटात आवळून बांधतात. गड्डा चार-पाच टनांचा असतो. मी तो क्रेनने खड्ड्यात सोडतो आणि खड्ड्यात उभा राहून माझा मेव्हणा निवास तो हाताने फिरवतो. फिरवावा लागतो, कारण झाडाची जी बाजू जुन्या जागी दक्षिणेला होती ती नव्या जागीही दक्षिणेलाच आली पाहिजे. नाहीतर सावलीत वाढलेली साल उन्हाने फाटते. खूण म्हणून खोडावर चुन्याचा पट्टा मारलेला असतो. हे काम यंत्राकडूनही करून पाहिलं. त्याने दोन वडांची मुळं सोलून ठेवली. तेव्हापासून खड्ड्यात माणूसच उतरतो.

त्या माणसाच्या एका बाजूला गड्डा आणि दुसऱ्या बाजूला खड्ड्याची भिंत. मधे जागा दीड हात. आमच्या धंद्यात माणूस पडून मरत नाही, दाबून मरतो.

निवास माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या धंद्यात मीच आणला. सोळा वर्षं तो खाली आणि मी वर. आमच्यात बोलणं लागत नसे. गड्डा फिरवून तो भिंतीशी सरकला की पहारीने साखळीवर तीन ठोके मारायचा. तीन ठोके म्हणजे मी बाजूला झालो, सोडा. इतर चालक वायरलेसवर बोंबलत बसायचे. आमचं काम तीन ठोक्यांत. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. अकरा वर्षांपूर्वी एका बागेत दगड बसवताना चेंगरली. घाई त्याचीच होती, असं आम्ही सगळे सांगतो.

गेल्या वर्षी कंपनीने विजेवरच्या क्रेन आणल्या. त्यांचा आवाज येत नाही, म्हणजे खालच्या माणसाला वरचं काही कळत नाही. कॅमेरे होते, पण चार टन मातीच्या मागे उभा असलेला माणूस कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून खालच्या माणसाने अंगात घालायची ती बंडी आली. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं, आमच्या पोरांनी तिला ‘जागल्या’ म्हणायला सुरुवात केली.

जागल्याचं डोकं असं चालतं. समोर धोका आला की मेंदूचा एक जुना कोपरा आधी काळजाला निरोप धाडतो. आपण घाबरलो हे आपल्याला त्यानंतर कळतं. तेवढ्या वेळात ठोक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं आणि एकेका ठोक्याचा जोर वाढलेला असतो. बंडीच्या आत छातीला लागून असलेली पट्टी हे दोन्ही मोजते. फावडं मारूनही ठोके वाढतात, म्हणून ती हातापायांची हालचालही मोजते आणि श्रमाचा वाटा वजा करते. उरते ती निव्वळ भीती, शून्य ते शंभर. कंपनी त्याला भयांक म्हणायची, आम्ही धसका म्हणायचो. तो माझ्या केबिनमध्ये पडद्यावर दिसतो आणि क्रेनलाही कळतो. तीसच्या वर गेला की क्रेन आपोआप मंद होते, सत्तरला जागच्या जागी थांबते. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही.

महिन्याभराने लक्षात आलं की धसका खड्ड्यावर ठरत नाही. तो वर कोण बसलंय त्यावर ठरतो.

दर शनिवारी आमच्या मालकीणबाई, सरनाईकबाई, शेडमधल्या फळ्यावर आठवड्याचे आकडे लिहायच्या. त्या शनिवारी त्यांनी लिहिलं: निवास, यास्मिनच्या क्रेनखाली, तेरा. निवास, बजरंगच्या क्रेनखाली, सत्तेचाळीस.

शेडमध्ये कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी चहाचा कप खाली ठेवला. यास्मिन मुजावर मिरजेची, वय सव्वीस, क्रेनचा डिप्लोमा करून सहा महिन्यांपूर्वी आलेली. मी रजेवर असलो की निवास तिच्याबरोबर काम करायचा, एवढाच काय तो संबंध. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच.

“बंडी सैल बसली असेल,” मी म्हणालो.

“दोन्ही वेळेला तीच बंडी होती, बजरंग,” सरनाईकबाई म्हणाल्या. “सत्तेचाळीसला क्रेन निम्म्या वेगाने चालते. तुमच्या जोडीला एका झाडाला दुप्पट वेळ लागतोय. खंडेनवमीला मी जोड्या कायमच्या ठरवणार आहे. तोवर बघू.”

खंडेनवमीला आम्ही क्रेन धुतो, झेंडूच्या माळा घालतो आणि पूजा करतो. तेव्हापर्यंत पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत आकडा उतरला नाही, तर निवास यास्मिनचा.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. यास्मिनची पाळी असली की मी काहीतरी निमित्त काढून तिच्या खड्ड्याकडे जायचो. ती सारखी बोलत असायची. “मामा, आता एक वीत डावीकडे आणते.” “मामा, थांबले. तुम्ही सांगा मग सोडते.” चार बोटं साखळी हलवायची तरी हिचं आकाशवाणी केंद्र चालू. आणि निवास खालून हसत उत्तरं द्यायचा. सोळा वर्षांत माझ्या क्रेनखाली त्याला हसताना मी ऐकलं नव्हतं. दुपारी तो तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायचा. माझ्या सख्ख्या बायकोने, त्याच्या सख्ख्या बहिणीने केलेली चटणी माझ्या डब्यात तशीच राहायची. एवढ्याशा गोष्टीने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पन्नाशीतला माणूस चटणीवरून जळतो हे सांगायला लाज वाटते, पण जळत होतो.

एकदा मी त्याला सरळच विचारलं. तो टाकीवर हातपाय धूत होता.

“निवास, तुला माझी भीती वाटते?”

“छ्या. कायतरीच काय इचारता दाजी?” त्याने मान वर केली नाही. “यंत्र हाय ते. त्याला काय कळतंय?”

“मग यास्मिनच्या वेळी बरं कळतं त्याला.”

“ती बोलत आस्ती. कवा काय येनार ते ठावं आस्तंय, म्हनून आसंल.” मग घाईने म्हणाला, “पर तुमच्यासारका हात न्हाई तिचा.”

दाजीला कोण तोंडावर बोलणार? आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला पाट मांडून वाढतात. त्याचं चुकलं तरी त्याला पाणी आधी देतात. मला तेव्हा त्या उत्तराचा आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी आकडा एक्कावन्न आला.

घरी मी धुसफुसत राहायचो. जेवताना यास्मिन, टीव्ही बघताना यास्मिन. सुनंदा, माझी बायको, सगळं ऐकून घ्यायची. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “त्या पोरीला कशाला बोल लावताय? निवासच्या अंगाला काय आठवत आसंल ते आठवत आसंल.”

“काय आठवायचंय?”

“अकरा वर्सांमागं ठोकं किती वाजलं हुतं, ते तुमास्नी ठावं हाय आन् त्याला ठावं हाय.”

मी ताटावरून उठलो. तिला नाही नाही ते बोललो. तिची छाती धडधडायला लागली तशी तिने डबीतून गोळी काढून घेतली. तिला तो त्रास जुना आहे, डॉक्टरने त्यासाठी रोजची गोळी दिलेली आहे.

ठोके दोन वाजले होते. आता लपवून काय करू? त्या दिवशी शेजारच्या क्रेनवर एक नवा चालक होता आणि मला त्याला दाखवायचं होतं की माझं काम किती चलाख आहे. दुसरा ठोका ऐकला आणि तिसरा येणारच म्हणून मी दगड सोडला. निवासचा हात अजून खाली होता. मुकादम धावत आला तेव्हा मी म्हणालो, तीन वाजले. निवासने माझ्याकडे बघितलं, हात फडक्यात गुंडाळला आणि म्हणाला, “व्हय, माजीच घाई झाली.” त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. मला वाटलं, मिटलं.

खंडेनवमीला आठ दिवस राहिले आणि आकडा उतरायला लागला. सोमवारी बत्तीस. मंगळवारी एकोणीस. गुरुवारी नऊ. माझी क्रेन पूर्ण वेगाने चालली, दिवसात तीन करंज लागले. मी निवासच्या पाठीवर थाप मारली. तो थोडा सुस्त दिसत होता, पण हसला. “म्हनलं हुतं न्हवं दाजी, यंत्राला टाइम लागतोय.”

संध्याकाळी मी मुद्दाम यास्मिनच्या क्रेनजवळून गेलो. “आमचा आज नऊ. तुमचा तेराच काय अजून?”

तिने पाना खाली ठेवला. “नऊ? काका, खड्ड्यात नुसता पाय टाकला तरी माणूस बारावर जातो. मी स्वतः बंडी घालून बघितलंय. नऊ आकडा गाढ झोपलेल्या माणसाचा असतो. मामांना काहीतरी होतंय. उद्या त्यांना खाली उतरवू नका, आधी तपासून घ्या.”

“जळतेस काय गं?” मी म्हणालो.

तिने पाना पुन्हा उचलला. मग म्हणाली, “मी बाईंना सांगते.” सरनाईकबाई पुण्याला गेल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. मी मनात म्हटलं, सांग. सोमवारी तर खंडेनवमीच आहे.

शुक्रवारी चिंच होती. गड्डा साडेचार टनांचा. यास्मिन पलीकडच्या खड्ड्यावर पट्टे बांधत होती आणि मधूनमधून इकडे बघत होती. निवास उतरला. मी गड्डा खड्ड्याच्या तोंडाशी आणला आणि पडद्याकडे पाहिलं. सहा.

त्या सहाने मला काय झालं ते सांगतो. लग्नात वरातीच्या घोड्यावर बसलो होतो तेव्हा झालं होतं तसं झालं. मी केबिनच्या काचेतून यास्मिनकडे बघितलं, ती बघतेय का ते. मग पुन्हा पडद्याकडे. सहा. मी साखळी सोडत गेलो. खाली निवासने गड्डा फिरवला, चुन्याचा पट्टा दक्षिणेला आला, आणि त्याच्या पायाखालचा मुरूम ढासळला. उजवा पाय घसरून गड्ड्याखाली गेला. त्याने दोन्ही हात वर केले. पहार त्याच्या हातातून सुटली होती, ठोका मारायला काही नव्हतं. हे मला नंतर कॅमेऱ्याच्या चित्रात दिसलं, कारण हात गड्ड्याच्या वर आले होते. काचेतूनही दिसले असते. मी आकडा बघत होतो. आकडा सहाचा सात झाला.

क्रेन यास्मिनने थांबवली. धावत येऊन तिने बाहेरचं लाल बटण दाबलं. मी खाली आलो तेव्हा ती खड्ड्याच्या काठावर पालथी पडून निवासचा हात धरून सांगत होती, “मामा, आता वर उचलणार आहोत. मी तीन आकडे मोजते, मग उचलणार. त्याआधी काही हलणार नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “काका, तुम्ही नका बसू. मी बसते.” मी बाजूला झालो.

पाय गुडघ्यापासून खाली कापावा लागला.

दवाखान्याच्या पायरीवर सुनंदाने मला सांगितलं. ती रडत नव्हती. “गोळी मी दिली. रोज सकाळी एक. आकडा कसा उतरवायचा म्हनून तो इचारत हुता. माज्या गोळीनं धडधड थांबती, म्हनलं बघ घेऊन. तुमी घरात आसं वागत हुता. त्याला वाटलं दाजीचं मन राहील. मलाबी तसंच वाटलं.”

ती गोळी भीती घालवत नाही. भीतीचा निरोप काळजाच्या दाराशी अडवून धरते एवढंच. माणूस आतून घाबरलेलाच असतो, काळीज मात्र संथ चालत राहतं. निवास दररोज घाबरत खड्ड्यात उतरत होता. शुक्रवारीही तो घाबरला होता, ओरडलाही असेल. बंडी ज्या एका जागी कान लावून बसली होती ती जागा आम्ही तिघांनी मिळून बंद करून टाकली होती.

चौकशीत मी सगळं बोललो. गोळीचं, घरातल्या धुसफुशीचं, यास्मिनने दिलेल्या इशाऱ्याचं. अकरा वर्षांपूर्वीच्या दोन ठोक्यांचंही बोललो, ते कुणी विचारलं नव्हतं तरी. माझा परवाना गेला. सरनाईकबाईंनी एवढंच विचारलं, “इतक्या वर्षांनी आत्ता का सांगताय?”

दोन महिन्यांनी निवासला नवा पाय बसला. पहिल्यांदा उभं राहताना मागे माझे हात असावेत, हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. दुसरं काही त्याला देण्यासारखं माझ्याकडे उरलं नव्हतं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की नव्या पायावर माणूस दुबळेपणाने पडत नाही, धसक्याने पडतो. भीतीने कमरेचे स्नायू आखडतात आणि तोल जातो. म्हणून इथेही निवासच्या छातीला तीच पट्टी होती आणि भिंतीवर आकडा होता. मागे उभं राहणारा माणूस असा हवा, की आकडा पंचविसाच्या आत राहील. गोळी अर्थातच बंद होती.

मी आत गेलो तेव्हा आकडा एकोणीस होता.

“या दाजी, बसा,” निवास म्हणाला. तो हसला, मनापासून हसला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. भिंतीवर अठ्ठावन्न.

आम्ही दोघांनीही तो बघितला. मी खुर्ची ओढून बसलो. “निवास, त्या येळेला ठोकं दोनच वाजलं हुतं. मी खोटं बोललो.”

“ठावं हाय की,” तो म्हणाला. “वाजवनारा मीच हुतो न्हवं?”

“चूक माझी होती.”

“आसू दे दाजी. मी कवाच सोडलंय ते मनातनं.”

मी भिंतीकडे बघितलं. मला खरोखर वाटलं होतं की आता उतरेल. एवढं बोलायला मला अकरा वर्षं लागली होती. अठ्ठावन्नच राहिला. निवासने तिकडे पाहिलं आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं. त्याच्या हातात असतं तर त्याने तो आकडा बोटाने पुसून टाकला असता. मनाने सोडलं होतं त्याने, खोटं बोलत नव्हता. अंगाला ते सांगायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

तेवढ्यात यास्मिन आली, डबा घेऊन. “मामा, उभं राहायचंय ना आज?” आकडा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. चाळीस, तीस, बावीस. पाय माझ्यामुळे गेला, परवाना गेला, आणि तरी मला त्या पोरीचा हेवा वाटला. अजूनही वाटतो. मी त्या हेव्यासकट उठलो.

“यास्मिन, मागं तू उभी राहा,” मी म्हणालो. “उजव्या बाजूने धर. तो उजवीकडेच झुकेल.”

“काका, तुम्ही—”

“मी बाहेर आहे.”

दार लोटून मी व्हरांड्यात आलो. बाकावर सुनंदा होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून यास्मिनचा आवाज येत होता. “मामा, आता मी कमरेला हात लावते. आता तुम्ही दांडी धरा. मी तीन म्हटल्यावर उठायचं, आधी नाही.” मग कुबडी आपटली. मग व्यायामाच्या बाई म्हणाल्या, “छान. उभे आहात तुम्ही.”

सुनंदाने तोंडाला पदर लावला.

“दाजी कुटं हायत?” आतून निवासने विचारलं. त्याला धाप लागली होती.

“बाहेर आहेत, मामा. बोलावू?”

आत कुबडी पुन्हा टेकल्याचा आवाज आला.

“नगं. बाहीरच आसू देत,” तो म्हणाला. “पर जाऊ नगा म्हनावं.”